पोटेन्शियल बघून पोरगं ठेवावं की स्किल बघून? (बास्केटबॉल मॅनेजर खेळणाऱ्यांसाठी)

बाकावरचा_बारावा

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही म्हणून धागाच काढला. बझरबीटर (ऑनलाइन बास्केटबॉल मॅनेजर गेम) खेळतोय, दोन सीझन झाले, खालच्या डिव्हिजनमधे लोंबकळतोय. यंदा ड्राफ्टमधून (नवीन पोरं टीम्समधे वाटतात त्यातून) दोन पोरं हाती लागली, दोघं १८ वर्षांचे.

पहिला ७ फुटी, पोटेन्शियल हॉल ऑफ फेमर. ते वाचलं आणि खुर्चीतून उठलोच. मग स्किल्स (२० पैकी) बघितली आणि परत बसलो. रिबाउंडिंग ४, इनसाइड शॉट ३, इनसाइड डिफेन्स ४, हँडलिंग १, पासिंग १. म्हणजे चेंडू हातात आला की हा घाबरणार.

दुसरा ६ फूट ४, पोटेन्शियल ऑलस्टार. जंप शॉट ७, आउटसाइड डिफेन्स ६, पासिंग ६, हँडलिंग ६, ड्रायव्हिंग ५, आणि आतली स्किल्स पण ३-४ च्या घरात, अगदीच टाकाऊ नाहीत.

घरात यांना लंबू आणि बुटका म्हणतो (६ फूट ४ ला बुटका म्हणणारा मी स्वतः किती उंच ते विचारू नका). प्रश्न असा की पूर्ण वेगाचं ट्रेनिंग एकाच पोझिशनला लावता येतं, मिनिटं मोजकी, तर कोणावर घालवू? मन लंबूकडे ओढतंय. हॉल ऑफ फेमर म्हणजे वरून दुसरी पायरी हो, परत कधी मिळेल?

रीबाउंडराव

वीक.

बाकावरचा_बारावा

कोणाला? आणि का? एका शब्दात बोलून पळू नका राव.

शुक्रवारची_वाट

रीबाउंडराव असेच आहेत, मनावर घेऊ नका, नंतर येऊन सविस्तर लिहितील. तोवर मी थोडं सांगतो कारण तुमच्या प्रश्नातच एक घोळ आहे जो मी पण पहिले चार सीझन केला.

पोटेन्शियल म्हणजे पोरगं कुठवर शिकू शकतं त्याची मर्यादा, तिचा आणि ट्रेनिंगच्या वेगाचा काडीचाही संबंध नाही. या गेममधे पोटेन्शियलच्या बारा पायऱ्या आहेत, अनाउन्सरपासून सुरू होतात, मग बेंच वॉर्मर, रोल प्लेअर, सिक्स्थ मॅन, स्टार्टर, स्टार, ऑलस्टार, पेरेनिअल ऑलस्टार, सुपरस्टार, एमव्हीपी, हॉल ऑफ फेमर आणि सगळ्यात वर ऑल-टाइम ग्रेट. आता समजा स्टार्टर पोटेन्शियलचं एक पोरगं आणि हॉल ऑफ फेमरचं एक, वय तेच, उंची तीच, स्किल्स तीच, ट्रेनर तोच, मिनिटं तेवढीच. दोघं एकाच चालीने शिकणार. स्टार्टरवालं पोरगं आपल्या मर्यादेला टेकलं की तिथून पुढे त्याचं ट्रेनिंग रांगायला लागतं (एकदम बंद नाही पडत, पण शुक्रवार मागून शुक्रवार जातात आणि आकडा हलत नाही), तेव्हा कुठे फरक दिसतो. तोपर्यंत तुमच्या हॉल ऑफ फेमरला त्या लेबलाचा शून्य फायदा.

तेव्हा विचार असा करा, हा माझ्याकडे असेपर्यंत त्या मर्यादेपर्यंत पोचणार आहे का? पोचणार नसेल तर वरची मोकळी जागा तुम्ही फुकट सांभाळताय.

आकडेमोड

वरच्या प्रतिसादाला +१, आणि माझ्या नावाला जागून हिशोब मांडतो.

मॅच ४८ मिनिटांची. आठवड्याला साधारण तीन मॅचेस. एका पोझिशनची मिनिटं झाली १४४. पोराला आठवड्याचं पूर्ण ट्रेनिंग मिळायला त्या पोझिशनवर ४८ मिनिटं लागतात, म्हणजे एका पोझिशनच्या ट्रेनिंगमधे पूर्ण शिकणारी पोरं फक्त ३. दोन पोझिशनला लावलं तर ६ बसतात पण प्रत्येकाचा वेग कमी होतो.

सीझन १४ आठवड्यांचा, दर शुक्रवारी एक अपडेट. १८ ते २१ अशी चार वर्षं धरली तर ५६ शुक्रवार. पाच वर्षं धरली तर ७०. त्यानंतर पण शिकतात, पण वय वाढेल तसा वेग उतरत जातो, १८ च्या पोराला जे स्किल दोन-तीन आठवड्यांत चढतं त्यालाच पुढे बराच जास्त वेळ लागतो. म्हणजे खरा माल काय आहे तर हे ५६ शुक्रवार. लंबूला आज १ आणि ३ आणि ४ वरून उठवायचंय, आणि उंच पोरं बाहेरची स्किल्स (हँडलिंग, पासिंग, आउटसाइड डिफेन्स) हळू शिकतात. बुटका हँडलिंग आणि पासिंगमधे आधीच पाच-पाच पावलं पुढे आहे, म्हणजे कोणीतरी त्याचे वीसेक शुक्रवार आधीच भरून दिलेत असं समजा. ते तुम्हाला फुकट मिळालेत.

कोर्टाबाहेरून

मी हा गेम खेळत नाही, बास्केटबॉल जीएम खेळतो, कॉम्प्युटरविरुद्ध, एकट्याने. तिथे पण ओव्हरऑल आणि पोटेन्शियल असे दोन आकडे असतात पण तुम्ही जे बोलताय ते काहीच लागू होत नाहीये. आमच्याकडे पोटेन्शियल ७५ चं पोरगं ५५ वर अडकून रिटायर झालेलं बघितलंय, आणि ५० वालं ७० ला गेलेलं पण. मग तुमच्याकडे मर्यादा एवढी पक्की कशी?

शुक्रवारची_वाट

कारण शब्द एक आहे आणि गोष्टी दोन आहेत. जीएममधलं पोटेन्शियल म्हणजे अंदाज, हा माणूस साधारण कुठवर जाईल याचा. तो दरवर्षी बदलतो, वर त्यात धूसरपणा पण घातलेला असतो, दिसतो तो आकडा खरा असेलच असं नाही, स्काउटिंगवर खर्च केला की धूसरपणा कमी होतो. आणि तिथे ट्रेनिंग तुमच्या हातात कुठे आहे? कोचिंगवर पैसे लावायचे आणि प्लेऑफ संपले की कोण चढलं कोण पडलं ते बघायचं. इथे उलट आहे, मर्यादा पहिल्या दिवसापासून ठरलेली आणि लिहिलेली, पण तिथवर न्यायचं काम सगळं आपलं. त्यामुळे जीएममधून इकडे आलेले लोक हमखास पोटेन्शियलला जास्त भाव देतात, त्यांना वाटतं हा आपोआप वाढेल. इथे आपोआप काही होत नाही. बाकावर बसवलंत तर हॉल ऑफ फेमर २५ व्या वर्षी पण पासिंग १ च राहील.

कोर्टाबाहेरून

ओके हे माहीत नव्हतं. मग आमचा गेम खऱ्या एनबीएच्या जवळचा म्हणायला हरकत नाही. २०१३ च्या ड्राफ्टमधे पहिला नंबर अँथनी बेनेट, आणि यानिस १५ वा. एक काही वर्षांत लीगबाहेर आणि दुसरा २०१९ आणि २०२० चा एमव्हीपी. पुढच्याच वर्षी, २०१४ ला, योकिच ४१ वा. एक्केचाळीस! त्याच्या आधी चाळीस जणांची नावं घेतली गेली. तुमच्या गेममधे असं होऊच शकत नाही कारण पोराच्या कपाळावरच लिहिलेलं असतं.

रीबाउंडराव

आलो. आणि हा एनबीएचा मुद्दा दर वेळी कोणीतरी काढतंच, त्यावर एकच सांगतो. योकिच ४१ वा गेला कारण लोकांना दिसलं नाही. आपल्याला दिसतंय आणि तरी आपण चुकतो, ते जास्त वाईट.

आता "वीक" का म्हणालो ते. लंबूलाच वीक म्हणालो, म्हणजे विकून टाक. माझी कथा ऐका, लांब आहे.

माझ्याकडे असाच एक होता, ६ फूट ११, पोटेन्शियल एमव्हीपी. पाच सीझन पोसला. सगळं इनसाइड, कारण उंच पोरं आतली स्किल्स भराभर शिकतात आणि दर एक-दोन शुक्रवारी काहीतरी चढायचं त्याची नशाच लागली होती. इनसाइड शॉट १६, इनसाइड डिफेन्स १६, रिबाउंडिंग १५. बाहेरचं काहीच नाही, पासिंग २, हँडलिंग ३, आउटसाइड डिफेन्स २. मी खूश. मग सीझन बदलला आणि पगार नव्याने लागला. या गेममधे पगार त्याच्या सगळ्यात भारी पोझिशनच्या स्किल्सवरून ठरतो, आणि नुसत्या आतल्या स्किल्सवर फुगवलेल्या सेंटरचा पगार असा काही फुगतो की आठवड्याचा ताळेबंद उघडला आणि निम्मा खर्च एकटा खातोय. विकायला काढला तर बोली येईना, कारण घेणाऱ्याला पण तोच पगार द्यायचाय ना. शेवटी तीनदा लिस्ट केल्यावर कवडीमोलात गेला.

आणि खरी गंमत पुढेच आहे. तेवढे आकडे वाढवून तो मर्यादेच्या जवळ आलाच होता. पोटेन्शियलची मर्यादा पण साधारण पगाराच्याच चालीने मोजली जाते असं आम्हा जुन्यांचं गणित आहे, म्हणजे एकाच टोकाला भरत गेलात की ती लवकर भरते. हीच बेरीज सगळीकडे पसरवली असती तर पगार कमी, मर्यादेला जागा शिल्लक आणि खेळाडू पण जास्त कामाचा झाला असता. ऑलस्टार पोटेन्शियलचा नीट पसरवलेला गार्ड माझ्या त्या एमव्हीपी ढमालापेक्षा टीमला जास्त मॅचेस जिंकून देतो, हे मी पगार भरून शिकलोय.

म्हणून म्हणतो, लंबूला आज वीक. आज तो १८ चा आहे आणि नावापुढे हॉल ऑफ फेमर आहे, बाजारात त्या दोन शब्दांना लोक भुलतात. हाच लंबू याच स्किल्ससकट २० चा झाला की कोणी ढुंकून बघणार नाही. बिनट्रेनिंगचा प्रत्येक शुक्रवार त्याची किंमत खातोय.

आकडेमोड

हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा मंडळी.

उंचकन्या

रीबाउंडराव, तुमचा निष्कर्ष पटला नाही. तुमच्या गोष्टीत चूक पोराची नव्हती, तुमच्या ट्रेनिंगची होती, आणि शिक्षा मात्र बाराव्याच्या लंबूला देताय.

उंच पोराला बाहेरचं आधी शिकवायचं असतं. आधी. १८-१९ ला, वेग सगळ्यात जास्त असतो तेव्हा, कारण उंचीमुळे हीच स्किल्स त्याला जड जाणार असतात. आतली नंतर पटापट येतात. शिवाय आतली खाली असेपर्यंत पगार पण किरकोळ राहतो. तुम्ही सोपं आधी उरकलंत आणि अवघड म्हातारपणासाठी ठेवलंत.

आता अडचण सगळ्यांना माहीत आहे. पासिंग शिकवायचं तर पोराला पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणणारा, पास वाटणारा) म्हणून खेळवायला लागतं. माझ्या ७ फूट १ इंचाच्या बाळाला मी असं खेळवलंय. पहिल्या मॅचचा बॉक्स स्कोअर अजून डोळ्यासमोर आहे, ४८ मिनिटं, २ असिस्ट, १३ टर्नओव्हर (चेंडू समोरच्यांच्या हाती). तेरा! समोरच्या टीमच्या मॅनेजरचा मेसेज आला, "तब्येत बरी आहे ना?" पण तोच आता पासिंग ८ वर आहे, आतली स्किल्स नंतर चढवली, आणि पोस्टमधून (बास्केटजवळून) असा पास काढतो की बघत राहावं.

कोर्टाबाहेरून

याला खऱ्यातलं उदाहरण आहे! अँथनी डेव्हिस. शाळेत गार्ड होता, मग एकदम सात-आठ इंच वाढला, आणि गार्डची हँडलिंग तशीच राहिली. तुमच्या भाषेत आधी बाहेरचं ट्रेनिंग, उंची मागून आली. आणि उलटं बघायचं तर १९८० च्या फायनल्सची सहावी मॅच, लेकर्सचा सेंटर करीम जखमी, मॅजिक जॉन्सन ६ फूट ९ चा पॉइंट गार्ड, पहिलंच वर्ष, तो सेंटरला उभा राहिला. ४२ पॉइंट, १५ रिबाउंड, ७ असिस्ट.

रीबाउंडराव

आणि टर्नओव्हर?

कोर्टाबाहेरून

तेरा नक्कीच नव्हते 😄

बाकावरचा_बारावा

बापरे एवढे प्रतिसाद. सगळं दोनदा वाचलं. उंचकन्याताई, तुमचं पटतंय पण सात फुट्याला पॉइंट गार्ड लावून मी लीग मॅच हरत बसलो तर खालची डिव्हिजन पण जाईल हातातून. आहे तिथेच तळाला आहे. आणि रीबाउंडराव म्हणतात तसं विकून टाकलं तर तो कोणाकडे तरी जाऊन हॉल ऑफ फेमर झाला तर मला झोप येणार नाही, हे पण आहेच.

उंचकन्या

अहो मग लीगमधे कशाला लावता? तीनपैकी एक मॅच सराव सामना असतो ना, त्याचा निकाल टेबलात धरत नाहीत. लंबूला तिथे पॉइंट गार्ड लावा, ४८ मिनिटं. बुटक्याला लीग मॅचमधे पॉइंट गार्ड, तो तर आत्ताच तुमच्या टीमचा बरा गार्ड दिसतोय, तुमचं नुकसान काहीच नाही. आठवड्याचं ट्रेनिंग पासिंग. दोघांना पूर्ण मिळतं. उरलेल्या लीग मॅचमधे तिसरं कोणतं तरी पोरगं. तुम्ही दोघांपैकी एक निवडायला निघालात, पण या घडीला दोघांना एकच गोष्ट शिकायची आहे आणि १४४ मिनिटांत तिघं बसतात.

आकडेमोड

हे माझ्याच हिशोबात होतं आणि मलाच दिसलं नाही. नाव बदलून घेतो.

शुक्रवारची_वाट

छान तोडगा, फक्त दोन गोष्टी सांभाळा. एक, सराव सामन्यात लंबूच्या मागे बदली खेळाडू ठेवू नका, डेप्थ चार्ट (कुठे कोण खेळणार ती यादी) तंतोतंत पाळायचा पर्याय लावा, नाहीतर कोच त्याला दमला म्हणून बसवेल आणि ३९ मिनिटांवर गाडी थांबेल. दुसरं फाउल्स. सहा झाले की बाहेर, आणि राहिलेली मिनिटं गेली. हे टाळायला काही करता येत नाही, फक्त बघत बसायचं. आणि हो, दोघांना फक्त ४८ मिनिटंच मिळाली तर गेम शेप (फॉर्म) जरा उतरतो, कधीतरी दुसऱ्या मॅचमधे पाच-दहा मिनिटं दुसऱ्या पोझिशनला टाका.

रीबाउंडराव

मी अजूनही विकलाच असता. पण माझ्या त्या ढमालाला सराव सामन्यात पॉइंट गार्ड लावायचं मला पाच सीझनमधे एकदाही सुचलं नाही हे मान्य करतो.

एक मात्र सांगून ठेवतो बाराव्या, एक सीझन बघ, फार तर दोन. २० चा झाला आणि तू आळस केलेला असलास तर विकायची वेळ पण गेलेली असेल. हा प्लॅन दर आठवड्याला लाइनअप भरणाऱ्याचा आहे. महिनाभर लॉगिन न करणाऱ्याने हॉल ऑफ फेमर सांभाळू नये, त्याने तयार २६ चा घ्यावा.

बाकावरचा_बारावा

(चार आठवड्यांनी धागा वर काढतोय, माफी असावी.)

ताईंचा प्लॅन लावला. अपडेट देतो.

पहिला आठवडा, लंबू ४८ मिनिटं, ११ टर्नओव्हर. ताई, तुमचा विक्रम अबाधित आहे. मॅच ४१ पॉइंटनी हरलो. मी थेट बघत होतो, तिसऱ्या क्वार्टरनंतर कॉमेंट्री वाचणं बंद केलं, प्रत्येक दुसऱ्या ओळीत त्याचंच नाव होतं.

दुसरा आठवडा, दुसऱ्या क्वार्टरमधेच चौथा फाउल. श्वास रोखून बसलो होतो. सहावा फाउल पडला तेव्हा ३३ मिनिटं झाली होती. त्या शुक्रवारी अर्थातच काही नाही.

तिसऱ्या शुक्रवारी बुटक्याचं पासिंग ७. त्याच आठवड्यात लीग मॅच जिंकलो, त्याचे ९ असिस्ट.

आणि काल शुक्रवार. सकाळी उठल्या उठल्या फोन उघडला, ट्रेनिंगच्या पानावर लंबूचं नाव, पासिंग १ वरून २. दोन! २० पैकी २! मी ओरडलो तर आतून विचारलं काय झालं, आता काय सांगणार.

रीबाउंडराव

५२ शुक्रवार राहिले.